मायक्रोवेव्ह, प्रथिनं आणि मधलं पाणी: लहरींची ऊर्जा आधी कुणाकडे जाते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मायक्रोवेव्ह ओव्हन, मोबाइल, ५जीचे टॉवर यांच्या उच्च वारंवारतेच्या लहरी प्रथिनांची घडी (त्यांच्या लांब साखळीने घेतलेला नेमका आकार) मोडतात असं ठिकठिकाणी वाचायला मिळतं. काही ठिकाणी तर 'तापमान न वाढतासुद्धा मोडतात' असं संशोधनाचा हवाला देऊन लिहिलेलं असतं. मग खरं काय, आणि प्रथिनाभोवतीच्या पाण्याचं यात काय होतं?

प्रथिनांच्या द्रावणांचे विद्युतगुणधर्म मोजण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून आधी निष्कर्ष सांगतो आणि मग कारणं. ओव्हन आणि मोबाइल ज्या पट्ट्यात चालतात तिथे लहरींची ऊर्जा मुख्यतः पाणी आणि पाण्यातले क्षार घेतात. प्रथिनाच्या वाट्याला थेट फारच थोडी येते. प्रथिनाला जे होतं ते तापलेल्या पाण्यामुळे होतं. 'तापमान न वाढता' दिसलेले परिणाम बहुतेक वेळा तापमान नीट मोजलं नाही म्हणून दिसलेले असतात. 'बहुतेक वेळा' हे शब्द विचार करून वापरले आहेत. अपवाद आहेत, पण ते वेगळ्याच वारंवारतांना आहेत.

उच्च वारंवारतेच्या लहरी म्हटलं की एका दमात फार वेगवेगळ्या गोष्टी येतात. घरचा ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो. मोबाइलचे नेहमीचे पट्टे ०.७ ते ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपास आहेत, आणि २०२२ च्या लिलावात आपल्याकडे २६ गिगाहर्ट्झचा पट्टाही विकला गेला. त्याच्या वर टेराहर्ट्झ, मग अवरक्त, दृश्य प्रकाश, अतिनील आणि सगळ्यात वर क्ष-किरण व गॅमा. ओव्हनच्या लहरीच्या एका फोटॉनमध्ये, म्हणजे ऊर्जेच्या सगळ्यात छोट्या पुडक्यात, एका इलेक्ट्रॉनव्होल्टचा (रेणूंच्या पातळीवर ऊर्जा मोजायचं एकक) जेमतेम एक लाखावा भाग ऊर्जा असते. आपल्या खोलीच्या तापमानाला रेणूंची जी सततची धक्काबुक्की चालू असते, तिची ऊर्जा इलेक्ट्रॉनव्होल्टच्या चाळिसाव्या भागाएवढी, म्हणजे ओव्हनच्या फोटॉनच्या सुमारे २,५०० पट. पाण्याच्या दोन रेणूंमधला हायड्रोजन बंध तोडायला साधारण ०.२ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, आणि कार्बन-कार्बन बंध तोडायला ३.६ च्या आसपास. २६ गिगाहर्ट्झवर फोटॉनची ऊर्जा दहापट होते, तरी ती उष्णतेच्या धक्क्यांपेक्षा दोनशेपटींहून अधिक कमीच राहते.

यावर हुशार विद्यार्थी हमखास विचारतात: एक फोटॉन कमजोर असेल, पण ओव्हनमध्ये तर असंख्य फोटॉन असतात, ते साठून बंध तुटणार नाही का? द्रवात ते साठत नाहीत. पाण्याचा रेणू मिळालेली ऊर्जा काही पिकोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या लाखकोटीव्या भागाच्या थोड्याशा पटीत, शेजाऱ्यांना देऊन टाकतो. पाण्यातला हायड्रोजन बंध स्वतःच पिकोसेकंदाच्या आसपास टिकतो, मग तुटतो, पुन्हा दुसऱ्याशी जुळतो. पुढचा फोटॉन येईपर्यंत आधीच्याचा मागमूस राहत नाही. राहते ती फक्त उष्णता.

आता पाणी ही ऊर्जा घेतं कसं? पाण्याच्या रेणूचं एक टोक किंचित धन, दुसरं किंचित ऋण. बाहेरचं विद्युतक्षेत्र दिशा बदलू लागलं की रेणू त्याच्याबरोबर वळू पाहतो. लेझीमच्या पथकाकडे बघा. ढोलाचा ठेका संथ असला की सगळे आरामात तालावर वळतात. ठेका अशक्य जलद झाला की कुणाचे पायच हलत नाहीत. मधल्या एका वेगाला सगळे वळण्याचा प्रयत्न करतात, पण जरासे मागे पडत राहतात, आणि घाम तेव्हाच सर्वांत जास्त येतो. पाण्यासाठी हा मधला वेग २५ अंश सेल्सिअसला १९ गिगाहर्ट्झच्या आसपास आहे. रेणूंना पुन्हा विस्कळित व्हायला लागणारा काळ ८ पिकोसेकंदांहून थोडा जास्त भरतो, त्यावरून हा आकडा येतो. हे गणित पीटर डेबाय यांनी मांडलं. १९३६ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांनाच मिळालं होतं, आणि रेणूंची द्विध्रुवता, म्हणजे धन-ऋण टोकांची ही विभागणी, मोजण्याचं एककही त्यांच्याच नावाने आहे.

यातून एक गैरसमज जातो. २.४५ गिगाहर्ट्झ ही 'पाण्याची रेझोनन्स वारंवारता' (ज्या नेमक्या ठेक्याला रेणू सर्वांत जोरात हलू लागतो ती) आहे म्हणून ओव्हनसाठी निवडली, असं सर्रास सांगितलं जातं. तसं नाही. द्रव पाण्यात या पट्ट्यात रेझोनन्स नाहीच, फक्त हे मागे पडणं आहे, आणि तेही १९ गिगाहर्ट्झभोवती फार रुंद पसरलेलं. ओव्हनची वारंवारता उद्योगासाठी राखून ठेवलेल्या पट्ट्यातली आहे, आणि तिथे पाणी मध्यम प्रमाणात ऊर्जा शोषतं हेच तिच्या फायद्याचं ठरतं. लहर अन्नात दोनेक सेंटीमीटर आत जाते. तोच ओव्हन २० गिगाहर्ट्झवर चालवला असता तर पाण्याच्या पहिल्या अर्ध्या मिलिमीटरमध्येच बहुतेक ऊर्जा संपली असती, वर उकळलेलं आणि आत गार.

प्रथिनालाही द्विध्रुव असतो आणि तो पाण्याच्या रेणूच्या शेकडो पट मोठा असतो. पण अख्खं प्रथिन वळायला फार वेळ घेतं. आम्ही द्रावणाची वारंवारतेनुसार मोजणी करतो तेव्हा प्रथिनाच्या वळण्याची खूण काही मेगाहर्ट्झच्या आसपास दिसते. गिगाहर्ट्झच्या लहरींच्या हिशेबाने प्रथिन जवळपास स्थिर उभं असतं. त्याच्या आणि मोकळ्या पाण्याच्या खुणांच्या मधे, साधारण शंभर मेगाहर्ट्झपासून काही गिगाहर्ट्झपर्यंत, एक बारीक उंचवटा दिसतो. तो प्रथिनाला चिकटलेल्या पाण्याचा. माझ्या क्षेत्रातला सगळ्यात रंजक आणि सगळ्यात जास्त वादांचा भाग हाच.

एक ग्रॅम प्रथिनाभोवती साधारण ०.३ ते ०.४ ग्रॅम पाणी असं असतं की ज्याचं वागणं मोकळ्या पाण्याहून वेगळं मोजता येतं. पूर्वी या थराला 'बर्फासारखं' म्हणायची पद्धत होती. ती दिशाभूल करणारी आहे. या थरातले बहुतेक रेणू मोकळ्या पाण्यापेक्षा दोन-पाच पटच संथ असतात. प्रथिनाच्या खोबणीत अडकलेले मोजके रेणू मात्र खरोखर फार संथ असतात. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या बिमान बागची यांनी नीलाशिस नंदी यांच्याबरोबर १९९७ मध्ये जे प्रारूप मांडलं, त्यात चिकटलेलं आणि मोकळं पाणी हे दोन वेगळे साठे न मानता त्यांच्यात सतत अदलाबदल चालू असते असं धरलं होतं. मोजणीत दिसणाऱ्या संथ खुणेचा अर्थ त्यातून लागला. २००७ मध्ये जर्मनीतल्या बोखुम विद्यापीठात मार्टिना हावेनिथ यांच्या गटाने टेराहर्ट्झ लहरींनी मोजून सांगितलं की प्रथिनाचा प्रभाव पाण्यात दहा अँगस्ट्रॉमच्या, म्हणजे एका नॅनोमीटरच्या, पलीकडेही जाणवतो, तर एनएमआरवाले (चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रांचा प्रतिसाद मोजणारे) पहिल्या एक-दोन थरांपलीकडे फारसं काही नाही असं म्हणत आले होते. मला वाटतं दोघेही बरोबर मोजत होते, फक्त वेगवेगळ्या गोष्टी. एनएमआर एकेका रेणूचं फिरणं मोजतं, टेराहर्ट्झ अनेक रेणूंचं एकत्र हेलकावणं. आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात आणि नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात टाइम डोमेन रिफ्लेक्टोमेट्री (विद्युतस्पंद सोडून परत आलेला स्पंद तपासण्याची पद्धत) वापरून मेगाहर्ट्झपासून गिगाहर्ट्झपर्यंत द्रवांची अशी मोजणी होत आली आहे. या विषयात पुढे जायचं असेल तर ही विद्या शिकायला दूर जावं लागत नाही.

आता तुमच्या प्रश्नातली खरी गोम. चिकटलेल्या पाण्याची खूण ओव्हनच्या वारंवारतेजवळच येते. मग असं नाही का होणार, की बाकी द्रावण गार असताना हा पातळ थर तेवढा तापेल आणि प्रथिनाला भाजून काढेल? 'नॉन-थर्मल', म्हणजे तापमान न वाढता होणाऱ्या, परिणामांच्या बाजूने दिला जाणारा हा सगळ्यात शहाणा युक्तिवाद आहे. तो आकड्यांनी तपासता येतो. ८०० वॅट शक्ती पाव लिटर पाण्यात गेली असं धरा. एका नॅनोमीटरच्या थरात निर्माण झालेली उष्णता शेजारी निघून जायला पाण्यात दहाएक पिकोसेकंद पुरतात. निर्माण होण्याचा वेग आणि निघून जाण्याचा वेग यांचा हिशेब मांडला की त्या थराचं तापमान शेजारच्यापेक्षा जास्तीत जास्त किती वर जाईल ते मिळतं: एका अंशाच्या अब्जाव्या भागापेक्षाही दोनशेपट कमी. चिकटलेलं पाणी मोकळ्या पाण्याच्या दहापट ऊर्जा शोषतं असं समजलं तरी उत्तरात काही फरक पडत नाही.

याच हिशेबाची दुसरी बाजू फार महत्त्वाची आहे. तापमानातला हा फरक अंतराच्या वर्गाने वाढतो. नॅनोमीटरऐवजी सेंटीमीटर घ्या, म्हणजे अंतर कोटीपट, आणि पाणी ढवळलं जात नाही असं धरा, तर फरक शेकडो अंशांचा येतो. प्रत्यक्षात पाणी आपोआप फिरतं म्हणून तेवढा होत नाही, पण दहा-वीस अंशांचा सहज होतो. म्हणजे रेणूंच्या पातळीवर 'गरम ठिपके' असूच शकत नाहीत. भांड्याच्या पातळीवर मात्र ते असतातच असतात. शिवाय ओव्हनमध्ये लहरी भिंतींवर आपटून परततात आणि सुमारे सहा सेंटीमीटर अंतराने जास्त-कमी क्षेत्राचे पट्टे तयार होतात. फिरती थाळी त्यासाठीच दिलेली असते.

आणि प्रथिनं तापमानाच्या फरकाला भयंकर संवेदनशील असतात. घडी उलगडण्याच्या वेगाचं तापमानावरचं अवलंबन साध्या रासायनिक अभिक्रियेपेक्षा कितीतरी तीव्र असतं. सक्रियण ऊर्जा (बदल सुरू व्हायला ओलांडावा लागणारा ऊर्जेचा उंबरठा) प्रति मोल ४०० किलोज्यूल धरली, आणि अनेक प्रथिनांसाठी ती त्याच घरात असते, तर ६० अंशांच्या आसपास एका अंशाला वेग दीडपट होतो आणि पाच अंशांना जवळपास नऊपट. आता कल्पना करा, कुणी नळीतल्या द्रावणाचं सरासरी तापमान ५५ अंश मोजलं, पण नळीच्या एका भागात ते ६० होतं. साध्या जलपात्रात ५५ ला ठेवलेल्या नमुन्याशी तुलना केली की मायक्रोवेव्हने प्रथिन जास्त बिघडलेलं दिसेल. तो कागदावर 'नॉन-थर्मल परिणाम' होतो. प्रत्यक्षात तो पाच अंशांचा परिणाम असतो.

म्हणून असा पेपर हाती आला की मी निष्कर्षाकडे नंतर बघतो, आधी तापमान कशाने मोजलं ते शोधतो. लहरी चालू असताना द्रावणात धातूचं थर्मोकपल (तारांचा तापमापक) ठेवलं असेल तर ती तार स्वतःच क्षेत्र ओढून घेते, आजूबाजूचं क्षेत्र बिघडवते आणि वाचनही बिघडतं. लहरी बंद करून लगेच मोजलं असेल तर दरम्यान नळी गार झालेली असते. अवरक्त थर्मामीटर फक्त बाहेरची काच किंवा वरचा पृष्ठभाग वाचतो. अशा कामाला फायबर-ऑप्टिक प्रोबच हवा, तोही एक नाही, नळीत वेगवेगळ्या उंचीवर, आणि द्रावण ढवळत ठेवलेलं. मग बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं द्रावण, बघतो. मिठाच्या बफरमध्ये आयनांच्या हालचालीने शुद्ध पाण्यापेक्षा जास्त उष्णता तयार होते, त्यामुळे पाण्यावर केलेलं अंशांकन बफरला लावता येत नाही. ट्रिस हा नेहमीचा बफर वापरला असेल तर त्याचा पीएच तापमानाबरोबर घसरतो, दहा अंशांना जवळपास ०.३. तेवढ्यानेही काही प्रथिनं गोळा व्हायला लागतात. शेवटी शॅम नमुना: त्याच उपकरणात, त्याच पंख्याच्या वाऱ्यात, तेवढाच वेळ, फक्त लहरी बंद, आणि मोजणाऱ्याला कुठला नमुना कुठला हे माहीत नसलेलं. यातलं काही नसेल तर सर्क्युलर डायक्रॉइझमचा (प्रथिनाची घडी प्रकाशाने तपासणाऱ्या पद्धतीचा) आलेख कितीही सुबक असला तरी मी त्यावर विसंबत नाही.

हे किती नाजूक असू शकतं त्याचं एक उदाहरण सांगण्यासारखं आहे. २००० साली इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या डेव्हिड द पोमेराई यांच्या गटाने 'नेचर'मध्ये लिहिलं की ७५० मेगाहर्ट्झच्या अतिशय कमी शक्तीच्या लहरींनी सी. एलेगन्स या सूक्ष्म कृमीमध्ये उष्माघाताची प्रथिनं तयार होऊ लागतात. ही प्रथिनं पेशी तेव्हा बनवते जेव्हा तिची इतर प्रथिनं उलगडू लागलेली असतात. तापमान तर वाढलेलं दिसत नव्हतं. जगभर या लेखाचा हवाला दिला गेला, आजही दिला जातो. पण त्या संशोधकांनी काम थांबवलं नाही. लहरी ज्या धातूच्या कक्षात सोडल्या जात होत्या त्या कक्षातच थोडी शक्ती वाया जाऊन जेमतेम ०.२ अंशांची तापमानवाढ होत होती असं त्यांच्या लक्षात आलं. कृमी त्या तापमानाला आधीच उंबरठ्यावर होते, तेवढी वाढ पुरेशी होती. कक्ष सुधारून हा फरक कमी केल्यावर परिणाम नाहीसा झाला. २००६ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं आणि 'नेचर'मधला लेख मागे घेतला. मला या लोकांबद्दल अतिशय आदर आहे. मूळ लेख ज्यांनी वाचला त्यांच्यातल्या फार थोड्यांनी दुसरा वाचला, याची खंत वाटते.

रसायनशास्त्रातही हेच घडलं. मायक्रोवेव्हमध्ये अभिक्रिया जलद होतात म्हणून 'खास मायक्रोवेव्ह परिणाम' असल्याचं १९८६ नंतर बरीच वर्षं लिहिलं जात होतं. ऑस्ट्रियातल्या ग्राझ विद्यापीठात ओलिव्हर काप्पे यांच्या गटाने २००९ मध्ये सिलिकॉन कार्बाइडच्या नळ्या वापरल्या. ही नळी लहरी स्वतः शोषून तापते आणि आतल्या द्रावणापर्यंत लहरी जवळजवळ पोहोचू देत नाही. तापमानाचा आलेख तोच, लहरी मात्र नाहीत. निकाल काचेच्या नळीसारखेच आले. प्रथिनशास्त्रात ट्रिप्सिन या पाचक विकराने प्रथिनाचे तुकडे करायला ३७ अंशांवर रात्रभर ठेवायची रीत आहे, आणि मायक्रोवेव्हमध्ये ते मिनिटांत होतं. साध्या हीटिंग ब्लॉकवर तेच वरचं तापमान नेमकं राखलं की तिथेही तेवढंच जलद होतं. मायक्रोवेव्ह निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. इतक्या झटपट आणि आतपर्यंत तापवणारं दुसरं साधन मिळणं कठीण.

संगणकी प्रारूपांबद्दल एक इशारा. रेणूंच्या संगणकी अनुकरणात मायक्रोवेव्ह क्षेत्र लावल्यावर प्रथिन उलगडताना दाखवणारी बरीच कामं आहेत आणि ती चुकीची केलेली नाहीत. पण त्यांतलं क्षेत्र बघा. ते बहुधा मीटरला दहा कोटी ते शंभर कोटी व्होल्टच्या घरातलं असतं, कारण संगणकावर काही नॅनोसेकंदांतच परिणाम दिसायला हवा असतो. आता मोबाइल घ्या. आपल्याकडे मोबाइलसाठी कमाल मर्यादा एक ग्रॅम ऊतीच्या सरासरीने किलोला १.६ वॅट आहे. त्या मर्यादेवर ऊतीच्या आतलं क्षेत्र मीटरला सुमारे ४० व्होल्ट भरतं. ५०० डेबाय द्विध्रुवाच्या मोठ्या प्रथिनावरही या क्षेत्राचा जोर उष्णतेच्या धक्क्यांच्या साठ हजाराव्या भागाएवढाच पडतो. पेशीच्या पटलावरचं नैसर्गिक क्षेत्रच मीटरला कोटी व्होल्टच्या आसपास असतं, आणि प्रथिनं त्यात आयुष्यभर काम करतात. उष्णतेचं म्हणाल तर १.६ वॅट प्रति किलोने, रक्ताभिसरण अजिबात नाही असं धरूनही, मिनिटाला ०.०३ अंशाहून कमी वाढ होते. रक्त वाहत असल्यावर ती तिथेच वाहून जाते. २६ गिगाहर्ट्झची लहर तर त्वचेच्या पहिल्या मिलिमीटरच्या आसपासच संपते. मोबाइलबद्दल साथरोगशास्त्राचे वेगळे प्रश्न आहेत, आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने या लहरींना 'शक्यता नाकारता येत नाही' अशा २-ब गटात ठेवलं ते त्या अभ्यासांवरून. प्रथिनांची घडी मोडते हे कारण मात्र त्याला जोडू नये.

अपवाद शोधायचा तर टेराहर्ट्झमध्ये. या पट्ट्यात, म्हणजे ओव्हनच्या शंभर ते हजारपट वारंवारतेला, पाण्याच्या हायड्रोजन बंधांचं ताणणं-वाकणं आणि अख्ख्या प्रथिनाचे सामूहिक हेलकावे एकत्र येतात. १९६८ मध्ये हर्बर्ट फ्रोलिश यांनी असं सुचवलं होतं की पुरेशी ऊर्जा सतत पुरवली तर प्रथिनांमधली कंपनं एकाच सर्वांत खालच्या कंपनात गोळा होऊ शकतात. कित्येक दशकं ती निव्वळ कल्पना राहिली, आणि २००९ मधल्या एका काटेकोर विश्लेषणाने तिची प्रबळ रूपं सजीवात शक्य नाहीत असं दाखवलं. मग २०१५ मध्ये स्वीडनच्या गटाने लायसोझाइम या प्रथिनाच्या स्फटिकावर ०.४ टेराहर्ट्झ लहर सोडून त्याच वेळी क्ष-किरणांनी रचना पाहिली. एका सर्पिल भागात सूक्ष्म बदल दिसला, आणि तापमानवाढीने त्याचा खुलासा होत नाही असं त्यांचं म्हणणं आहे. २०१८ मध्ये सीरम अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनावर प्रकाशाने ऊर्जा भरून अशाच सामूहिक कंपनाची खूण सापडल्याचं दुसऱ्या एका गटाने लिहिलं. हे प्रयोग मी गांभीर्याने घेतो. कुणाला यावर पीएचडी करायची असेल तर मी आनंदाने पाठिंबा देईन. पण इथेही पाणी आडवं येतं. एक टेराहर्ट्झची लहर पाण्याच्या एक दशांश मिलिमीटरमध्ये सुमारे नव्वद टक्के शोषली जाते. म्हणून हे प्रयोग स्फटिकावर किंवा केसाएवढ्या पातळ थरावर करावे लागतात, आणि त्यांवरून शरीराबद्दल काही सांगता येत नाही.

स्वयंपाकघराकडे येतो, कारण प्रश्नाचा तो भाग रोजच्या उपयोगाचा आहे. अंड्याच्या पांढऱ्यात ओव्होट्रान्सफेरिन ६० अंशांच्या थोडं वर उलगडू लागतं आणि मुख्य प्रथिन ओव्हाल्ब्युमिन ८० च्या आसपास. ते आधणात घडो की मायक्रोवेव्हमध्ये, प्रथिनाला फरक कळत नाही. उलगडलेलं प्रथिन पचायला उलट सोपं जातं. पनीर मायक्रोवेव्हमध्ये चिवट होतं याचं कारण काही भाग गरजेपेक्षा फार जास्त तापतात, हे. गोठलेलं मांस किंवा मासळी कडेला शिजते आणि मधे दगड राहते, तिथे तर प्रथिनाशेजारचं पाणी थेट कारण आहे. बर्फाचे रेणू जखडलेले असतात, ते गिगाहर्ट्झच्या लहरींबरोबर वळू शकत नाहीत, म्हणून बर्फ जवळजवळ काहीच शोषत नाही. पण प्रथिनांना चिकटलेलं थोडं पाणी उणे २० अंशांनाही गोठत नाही. लहर आधी तेच पकडते, त्याच्या शेजारचा बर्फ वितळतो, वितळलेलं पाणी आणखी शोषतं, आणि जो भाग आधी वितळला तोच पळत सुटतो. ओव्हनचं डीफ्रॉस्ट बटण शक्ती मधेमधे बंद ठेवतं ते उष्णतेला पसरायला वेळ मिळावा म्हणून.

एका ठिकाणी मात्र मी ठाम नको म्हणतो: बाळासाठी काढून ठेवलेलं आईचं दूध. बाटली हाताला कोमट लागते आणि आत कुठेतरी दूध फार गरम असतं. बाळाचं तोंड भाजण्याचा धोका तर आहेच, शिवाय लायसोझाइम आणि प्रतिपिंडांसारखी जी संरक्षक प्रथिनं त्या दुधात हवी असतात तीच त्या गरम भागात निकामी होतात. ते कोमट पाण्याच्या वाटीत ठेवून गरम करावं. दुधाचीच आणखी एक गोष्ट फिरत असते, की मायक्रोवेव्हने अमिनो आम्लं उलट्या घडणीची होतात. तिचा उगम 'लॅन्सेट'मधल्या डिसेंबर १९८९ च्या एका छोट्या पत्रात आहे, बाळाच्या दुधाबद्दलचं. नंतर रोजच्यासारखं दूध तापवून इतरांनी मोजलं तेव्हा गॅसवर तापवलेल्या आणि मायक्रोवेव्हमध्ये तापवलेल्या दुधात तसा फरक सापडला नाही.

राहिले क्ष-किरण आणि गॅमा. तापमानाशिवायचा परिणाम खरोखर काय असतो ते तिथे दिसतं, आणि म्हणूनच त्यांना मायक्रोवेव्हच्या रांगेत बसवू नये. स्फटिकांच्या अभ्यासात वापरल्या जाणाऱ्या एका अँगस्ट्रॉमच्या क्ष-किरणाच्या फोटॉनमध्ये ओव्हनच्या फोटॉनच्या अब्जपटींहून जास्त ऊर्जा असते. एकच फोटॉन पाण्याच्या रेणूतला इलेक्ट्रॉन उडवून लावतो. त्यातून हायड्रॉक्सिल मूलक (अतिशय क्रियाशील अर्धवट रेणू) तयार होतात आणि ते प्रथिनाच्या गंधकयुक्त व वलयी अमिनो आम्लांवर तुटून पडतात. इथेही पहिला घाव बहुधा पाण्यावरच बसतो. कोरडं प्रथिन द्रावणातल्या प्रथिनापेक्षा कितीतरी जास्त मात्रा सहन करतं ते त्यामुळेच.

आकडे बघा. नाशिक जिल्ह्यात लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचं 'कृषक' हे विकिरण केंद्र २००२ पासून आहे. २००७ मध्ये अमेरिकेला आंबे जाऊ लागले तेव्हा त्यांना तिथे किमान ४०० ग्रे (एक ग्रे म्हणजे किलोला एक ज्यूल शोषलेली ऊर्जा) मात्रा दिली गेली. एवढ्याने आंबा तापतो एका अंशाच्या दहाव्या भागाने, आणि तरी आतल्या किडीची पुढची पिढी थांबते. माणसाला प्राणघातक ठरणारी ४-५ ग्रे मात्रा शरीराचं तापमान अंशाच्या हजाराव्या भागाइतकंच वाढवते. थर्मामीटर तिथे काहीच सांगत नाही.

प्रथिनांच्या रचना सोडवणाऱ्यांना हे नुकसान रोज दिसतं. किरणांखाली स्फटिकातले दोन गंधकांमधले बंध आधी तुटतात, मग अॅस्पार्टिक आणि ग्लुटॅमिक आम्लांच्या टोकांचे गट गळतात. म्हणून स्फटिक १०० केल्व्हिनला, म्हणजे उणे १७३ अंशांना, गोठवून ठेवतात, जेणेकरून तयार झालेले मूलक पाण्यातून फिरूच शकू नयेत. तशा अवस्थेतही ३ कोटी ग्रेच्या आसपास गेल्यावर मिळालेल्या रचनेवर विश्वास ठेवत नाहीत. तापवलेलं दूध आणि विकिरित प्रथिन यांची तुलना करणारा लेख कुठे दिसला तर त्यात मात्रा ग्रेमध्ये दिली आहे की वॅटमध्ये, एवढं आधी पाहा. निम्मे गोंधळ तिथेच सुटतात.